पहिल्या तारखेच्या आत

"पुन्हा वाच," नाना वकील म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. चावडीच्या ओट्यावर उभी राहून, दोन्ही हातांत वर्तमानपत्र धरून, घसा ताणून. समोर सगळं गाव बसलेलं. "सदरहू कायदा येत्या एप्रिल महिन्याच्या पहिल्या तारखेपासून अमलात येईल."

"आणखी एकदा. मोठ्यानं. तुझ्या बापाला ऐकू जाऊ दे."

तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा लोक हसायला लागले. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मी दहा वर्षांची होते, मराठी चौथीत होते आणि आपण जोडाक्षराला अडखळत नाही याचा मला फार तोरा होता. 'सदरहू' नीट म्हटलं होतं. मग हसतात कशाला? मी आबांकडे, म्हणजे माझ्या वडलांकडे पाहिलं. ते मान खाली घालून धोतराच्या काठातला दोरा ओढत बसले होते. तेव्हा कळलं, लोक आबांना हसताहेत. आणि ते हसू मी माझ्या तोंडानं तीनदा ओढवून आणलं होतं.

आमचं गाव जळगावजवळच्या असोद्याच्या शिवाराला लागून. आबांना वाचता यायचं, आणि तेव्हाच्या आमच्या गावात ही काही लहान गोष्ट नव्हती. जळगावहून आठवड्याला वर्तमानपत्र यायचं. आबा ते आमच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे, पाचदहा माणसं ऐकायला यायची. दसऱ्याच्या सुमाराला त्यात आलं की सरकारनं कायदा केला. चौदा वर्षांच्या आतल्या पोरीचं आणि अठराच्या आतल्या पोराचं लग्न लावलं तर लावणाऱ्याला शिक्षा. आबांनी वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं. त्यांची धाकटी बहीण तेराव्या वर्षी बाळंतपणात गेली होती. तिचं नाव घरात कोणी काढत नसे.

मग म्हणाले, "कायदा झाला. आता माह्या पोरीले चौदा पुरल्याबिगर मी बोहल्यावर चढवत नही."

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण आबांना आनंद झाला की पोटात राहत नसे. विहिरीवर, खळ्यावर, बाजारात, भेटेल त्याला सांगत सुटले. माझ्यासाठी आलेली एक चांगली मागणी त्यांनी गूळपाणी देऊन परत पाठवली. त्यांची चूक एवढीच की कायदा झाला म्हणजे तो सुरू झाला असं त्यांना वाटलं. शेतकऱ्याला दुसरं काय वाटणार? पाटाला पाणी सोडलं की ते वाफ्यात येतं, एवढंच त्याला ठाऊक.

दिवाळी झाल्यावर नाना वकील गावात आले. ते मूळचे आमच्याच गावचे, आमच्याच जातीचे. राहायला जळगावात, तिथं कोर्टात वकिली. गावातला सगळ्यात मोठा केळीचा बाग त्यांचा, आणि चावडीवर शेवटचा शब्दही त्यांचाच. आबांनी गावाला कायदा सांगावा हे त्यांना कसं सोसणार? त्यांनी गाव गोळा केलं. सोबत वर्तमानपत्र आणलं होतं. स्वतः वाचलं नाही. "तुझी पोरगी हुशार आहे ना? तिलाच वाचू दे," म्हणाले. म्हणून मी ओट्यावर.

हसणं थांबल्यावर नाना समजावणीच्या सुरात बोलले. "आबा, कायदा करणं वेगळं आणि लागू करणं वेगळं. सरकार लोकांना सवड देतं. तयारी करायला."

मला ओट्यावरून खाली उतर असं कोणी म्हटलं नव्हतं. मी तिथूनच विचारलं, "कशाची तयारी?"

"लग्नाची," नाना म्हणाले.

असा हशा पिकला की पारावरची कुत्री उठून पळाली. नानांनी माझ्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं, घडी केली, तीच घडी माझ्या डोक्यावर आपटली. "वाचता येतं, उमगत नाही. बापावर गेली आहे."

लागलं काहीच नाही. कागदच तो. पण आजही कोणी वर्तमानपत्राची घडी करायला लागलं की माझी मान आपोआप आखडते. आबांनी मला हाताला धरून घरी नेलं.  वाटेत मी रडत म्हणत होते, आबा, मी बरोबर वाचलं होतं.

मी पुढे या गोष्टीवर पुष्कळ डोकं शिणवलं आहे. कायदा केला तर तो त्याच दिवशी का लागू करायचा नाही? साप घरात दिसला तर पुढच्या पौर्णिमेला मारू म्हणतं का कोणी? शहरातले शिकलेले लोक मला सांगतात, बाई, कारभार मोठा असतो, लोकांना कळायला वेळ लागतो. कळायला? आमच्या गावाला तर एका दुपारी कळलं. कळलं म्हणूनच धावपळ झाली. मला आता वाटतं ते असं. कायदा करणाऱ्यांना टाळ्या हव्या होत्या. पण ज्यांचे हात बांधायचे त्यांची नाराजी नको होती. पुढची तारीख घातली की दोन्ही साधतं. टाळ्या आज मिळतात, आणि हात बांधायच्या आधी त्या हातांना जे उरकायचं ते उरकता येतं. मधल्या सहा महिन्यांत कोणाचं काय होईल याचा हिशोब कोणी केला नसेल असं मला वाटत नाही. केला असेल. आम्ही त्यात धरलेल्या नव्हतो.

आणि नाना? जळगावात त्या कायद्याबद्दल अभिनंदनाची सभा झाली तेव्हा ठराव मांडायला नानाच उभे होते. तेही वर्तमानपत्रात आलं होतं. तो अंक मी आबांच्या हाती लागू दिला नाही.

तुळशीची लग्नं लागली आणि सगळ्या खान्देशात एकच घाई उठली. तारखेच्या आत उरका. पाळण्यातल्या पोरी ठरायला लागल्या. आमच्याकडे पौषात लग्न लावत नाहीत. त्या वर्षी पौषातसुद्धा मुहूर्त निघाले. कायद्यानं धर्म बुडतो असं ओरडणाऱ्यांनीच ते काढले. भटजींना एका गावाहून दुसऱ्या गावाला नेण्यासाठी बैलगाड्या जुंपून ठेवलेल्या असत. जळगावच्या बाजारात हळद मिळेना.

माय घरात आदळआपट करायला लागली. "तुम्ही बसा कायदा धरून. तारखेपर्यंत सारे पोरं वाटले जातीन. मंग पोरीचं लगन कोनाशी लावशान, कायद्याशी?"

मायचं चूक म्हणवत नाही. जातीत पोरं मोजकी. प्रत्येकाला कोणी ना कोणी गाठत होतं. चौदा पुरेपर्यंत मला थांबवलं असतं तर तेव्हा उरलं कोण असतं? कायदा पाळणाऱ्याची पोर घरात राहणार, आणि न पाळणाऱ्यांच्या उजवल्या जाणार, अशी ती गंमत होती. आबा पौष संपेपर्यंत टिकले. मग एक दिवस नानांचा निरोप आला. नानांच्या बहिणीचा मुलगा आहे, तापीपलीकडचा, यावलकडचा. सव्वीस वर्षांचा. बिजवर. पहिली बायको कशानं गेली ते कोणी विचारलं नाही. आबांनी निरोप ऐकला, मला जवळ बोलावलं, माझी वेणी सोडली आणि पुन्हा घातली. त्यांनी माझी वेणी कधी घातली नव्हती. वाकडी झाली. मी समजले.

माघात एका मांडवात नऊ लग्नं लागली. त्यात माझं एक आणि माझ्या भावाचं एक. भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, म्हणजे बाराचा. त्याची नवरी सात वर्षांची. एक नवरी तर तीन वर्षांची होती, ती मामाच्या खांद्यावर झोपली होती, तिचं लग्न झोपेतच लागलं. सगळ्या पोरी शालूत तोंड झाकलेल्या, सगळ्या सारख्या. गर्दीत कोणाची नवरी कोणती ते कळावं म्हणून मनगटांना रंगीत दोरे बांधले होते. माझ्या मनगटाला हिरवा. बाजारात विकलेल्या बैलांच्या शिंगांना बांधतात तसा. भटजी हाक मारायचे, हिरवा दोरा आणा. मला कोणी नावानं हाक मारली नाही. नाना मांडवाच्या दाराशी उभे राहून सगळ्यांना अत्तर लावत होते. मलाही लावलं. मी हात मागे घेतला तर म्हणाले, "लाजते."

मी लाजत नव्हते. मला किळस आली होती.

पाडवा झाला आणि पहिली तारीख आली. मी ती विसरले नव्हते. सकाळी पाटी घेतली आणि शाळेत गेले. मास्तर दारातच म्हणाले, तुझं नाव कमी केलं आहे. मी विचारलं, का? म्हणाले, लग्न झालं ना, आता शाळेत काय काम? मी म्हटलं, मास्तर, आजपासून कायदा आहे. मास्तर वाईट नव्हते. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आजपासून आहे, पोरी. तुझं झालं ते माघात."

मी परत फिरले. गळ्यात काळी पोत. त्या दिवशी सगळ्या देशात कायदा सुरू झाला होता आणि मी रस्त्यानं घरी चालले होते.

भावाचंही लग्न झालं होतं. त्याचं नाव कोणी कमी केलं नाही. पण हे सांगितलं पाहिजे की भावानं मला सोडलं नाही. तो शाळेतून आला की पाटी माझ्यापुढे ठेवायचा. आज काय झालं ते सांगायचा, गणित घालायचा. त्याला यायचं नाही ते मी सोडवायचे. तीन वर्षं. माय ओरडायची तर म्हणायचा, मले समजत नही म्हनून तिले इचारतो. मी जी काही शिकले ती त्याच्यामुळे. हे मी विसरलेले नाही, आणि आज तेच फार जड जातं आहे.

मला तेरावं सरलं आणि सासरचे न्यायला आले. दारात दमणी उभी, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. नानाही आले होते. मायनं माझी ओटी भरली. गल्लीतल्या बाया जमल्या. मी उंबऱ्यात बसले आणि म्हटलं, मी जात नाही.

आधी सगळ्यांनी लाडानं घेतलं. मग दटावलं. मग नाना पुढे आले. "हे लग्न कायदेशीर आहे. ऊठ, बस दमणीत."

मी विचारलं, "नाना, तुमची मुलगी कितवीत आहे?"

त्यांची मुलगी माझ्याच वयाची होती. पुण्याला बोर्डिंगात राहून शिकत होती, गावाला माहीत होतं. नाना सवयीनं बोलून गेले, "इंग्रजी तिसरीत."

"तिच्यासाठी पहिल्या तारखेच्या आत स्थळ नाही मिळालं?"

त्यांनी मला मारलं. भर दारात, सगळ्यांदेखत, कानशिलात. कान कितीतरी वेळ वाजत होता. पण गंमत सांगते, मी रडले नाही. चावडीवर कागदाची घडी बसली तेव्हा रडले होते. आता रडूच आलं नाही. मला एकदम स्वच्छ दिसलं. हा माणूस कायदा जाणतो, कायदा चांगला आहे हेही जाणतो, म्हणून स्वतःच्या पोरीसाठी तो आधीपासून पाळतो. लागू व्हायची वाट फक्त आमच्यासाठी बघायची असते. मी उंबरा धरला आणि म्हटलं, ओढायचं तर ओढा. नेलंत तर रोज पळून येईन. वाटेत तापी आहे, तिला पाणीही आहे.

आबा तोवर खांबाला टेकून उभे होते. ते दमणीपाशी गेले. बैलांच्या कासऱ्याला हात लावून हाकणाऱ्याला म्हणाले, "भाऊ, रिकामीच घेऊन जा."

त्यानंतर जातीनं आम्हाला वाळीत टाकलं; पुढे आबांनी दंड भरला तेव्हा कुठे परत घेतलं. माय दोन वर्षं माझ्याशी धड बोलली नाही. त्या माणसानं त्याच साली आणखी एक बायको केली, त्याला कुठलाच कायदा आडवा आला नाही. मला मावशीनं धुळ्याला नेलं, तिथं मी सातवीची फायनल पास झाले, मास्तरीण झाले. लोक मला टाकलेली म्हणतात. शाळेतल्या बायासुद्धा, पाठ वळली की. अगं, मला कोणी टाकली? मी गेलेच नव्हते.

आज मी सत्तावीस वर्षांची आहे. यावल तालुक्यातल्या एका गावी मुलींच्या शाळेत शिकवते. स्वराज्य येणार म्हणून जिकडेतिकडे सभा चालल्या आहेत. नाना म्हातारे झाले, पण व्यासपीठावर असतात. नवे कायदे येणार म्हणतात. येऊ देत. जुना एक आला होता, त्याला सतरा वर्षं झाली. तो अजून आमच्या गावच्या वेशीत शिरलेला नाही.

चैत्रात भावाचं पत्र आलं. अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी कमलचं लग्न, आत्यानं चार दिवस आधी यावं. कमल त्याची थोरली. नऊ वर्षांची. तिसरीत आहे.

मी त्याच दिवशी निघाले. घरात पापड वाळत होते. भावाला अंगणात बसवलं आणि विचारलं, तुला कायदा माहीत आहे ना? तो मला आता बाईच म्हणतो. म्हणाला, "माहीत हाये, बाई. पन तक्रार कोन करतं? नाना म्हनले, तक्रार झाल्याबिगर कोर्ट हालत नही. सतरा वर्सात ह्या गावातून एक तक्रार गेली नही."

ते खरं होतं. कायदा असा केला आहे की कोणीतरी उठून कोर्टात जाऊन सांगितलं पाहिजे. आणि कोण जाणार? ज्याच्या घरी लग्न तो जाणार नाही. शेजारी जाणार नाही, त्याच्याही घरी पोर आहे. मास्तर जाणार नाहीत, त्यांना गावात राहायचं आहे. आधी तारखेची वाट बघितली, आता तक्रारीची बघायची. मी म्हटलं, "मी करते."

त्याला थट्टा वाटली. मग नाही वाटली. त्यानं मला त्या पाटीची आठवण दिली नाही. द्यायला हवी होती, मग मला भांडता तरी आलं असतं. 

कमल माझ्यावर रुसली आहे. तिला नव्या बांगड्या भरल्या आहेत, कोपरापर्यंत. तिला लग्न हवं आहे. आत्या मोडायला आली एवढं तिला कळलं आणि ती आजीच्या पदरामागे गेली.  दहा वर्षांची असताना मला निदान हे नको होतं.

निघताना आबा वेशीपर्यंत आले. आता काठी घेतात. "पोरी, भावाले जेलात धाडशीन का?"

"हो आबा."

ते थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "मंग माहं नाव बी घाल. स्थळ म्या पाह्यलं हाये."

ते रागानं म्हणाले की दुसऱ्या कशानं, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. मोटारीची चैन आमच्याकडे नाही, जळगावपर्यंत चालत आले. इथं एका मैत्रिणीच्या खोलीवर उतरले आहे.

अर्ज मीच लिहिला. वकील लावला नाही. जळगावात नानांना न ओळखणारा वकील नाही. लग्नाला मनाई हुकूम मिळावा, असं मागितलं आहे. आरोपी नंबर एक, माझा सख्खा भाऊ. आरोपी नंबर दोन, माझे वडील. दुसरं नाव लिहिताना हात थांबला, खोटं कशाला बोलू.  मग लिहिलं. आमच्या हेडबाईंनी कळवलं आहे की नोकरी जाईल. जाऊ दे. मनाई मिळाली नाही तर मी मांडवात जाईन आणि दोघांच्या मध्ये उभी राहीन. मला उचलून बाहेर टाकावं लागेल, आणि तेही माझ्याच घरच्यांना. पुढच्या वेळी गावात कोणी मुहूर्त काढायला बसेल तेव्हा त्याला माझं नाव आठवलं पाहिजे.

उद्या अकराला कोर्ट उघडतं. दहाला मी पायरीवर असेन.